मदत हवी: थोडी झाडं तोडली, खाली नवं रान येईना

आजोळ_सत्तरी: गोव्यात वाळपईच्या बाजूला आमची जमीन आहे. परवानगी घेऊन काही झाडं तोडली, मोठी मुद्दाम ठेवली. बी पडेल, रान आपसूक येईल, असं जो तो सांगत होता. पावसात रोपं दिसतात, मे महिन्यात काही नाही. काय करू? लवकर सांगा, पाऊस तोंडावर आलाय.

रानवाट: कसली झाडं? गुरं येतात? फोटो कुठेय?

काजूवाला: फोटो कशाला? जेसीबी लावा, वेंगुर्ला-४ काजूची कलमं लावा. तिसऱ्या वर्षी बिया हातात.

आजोळ_सत्तरी: काजू नकोय. रानातली झाडं आहेत माट, किंदळ, जांबो.

रानवाट: तिघांची तऱ्हा वेगळी. जांबोच्या शेंगा उन्हाळ्यात तडकतात, बी पहिल्या पावसात रुजतं. किंदळाची पंखवाली फळं ढिगाने पडतात, पण बरीचशी पोकळ. तिथे बुंध्याच्या फुटव्यावरच भिस्त. बुंधे शाबूत आहेत ना?

मडगाव_ते_म्युनिक: इकडे जर्मनीत बीच नावाच्या झाडांच्या रानात एकदम तोड करत नाहीत, थोडी थोडी करतात. बीचचं रोप सावलीत वर्षानुवर्षं तग धरतं. बीही दर वर्षी भरपूर येत नाही, बहराचं वर्ष बघून बेत ठरवतात. हरणं शेंडे खातात म्हणून कुंपण. तुम्हीही सावली वाढवा.

रानवाट: बीच राहू दे तिथेच. माटाला ऊन लागतं हो.

कायदेपंडित: गोव्याच्या १९८४ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे तोडीच्या बदल्यात झाडं लावावी लागतात. परवाना नीट वाचा.

काजूवाला: त्याच कायद्यातून २०१६ साली माडाला बाहेर काढलं होतं ना? कसला कायदा!

आजोळ_सत्तरी: परवान्याचं मी विचारलंच नाही. बुंधे आहेत, एकेकाला झुडपासारखे फुटवे. मध्ये रानमोडीचं तण माणसाहून उंच. गुरं काय, सगळ्यांचीच येतात. आणि शेजारी काजू वेचायला सोपं जावं म्हणून फेब्रुवारीत पाला जाळतो, ती आग थोडी आत येते.

रानवाट: अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! बी रुजतंय, टिकत नाहीये. शेंडा जळला तरी मूळ पुष्कळदा जिवंत असतं. एखादं रोप बुडाशी उकरा, साल नखाने खरवडा. आत ओलसर असेल तर पावसात पुन्हा कोंब येईल. पण दर वर्षी आग लागली तर ते किती वेळा फुटणार? जानेवारीतच हद्दीवरचा पाला ओढून मोकळा पट्टा करा. रानमोडी पावसात, माती ओली असताना मुळासकट उपटा, फुलावर येऊ देऊ नका. फुटव्यांतले दोन जोमदार ठेवा, बाकी छाटा. गुरांना निदान काही पावसाळे गडगा किंवा काटेरी कुंपण.

काजूवाला: एवढा खटाटोप? तणनाशक मारा.

रानवाट: आणि रोपं कुठली राहणार?

आजोळ_सत्तरी: पट्टा करतो. पण शेजाऱ्याला आगीचं कोण सांगणार? तो माझा मामा आहे.

काजूवाला: कोणत्या गावचा? कलमं मिळतील का त्याच्याकडे?