फॅन्टसी सिनेमातल्या कंटिन्युइटीच्या चुका: जादू आहे म्हणून सोडून द्यायच्या का?

निळीशाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज शेवटी धागा काढतेच. परवा हॅरी पॉटरचा पहिला भाग (२००१) परत लावला होता, सोबत मैत्रीण होती. सॉर्टिंगनंतरच्या (बोलकी टोपी नव्या मुलांना हाऊस ठरवून देते तो कार्यक्रम) मेजवानीचा सीन आला आणि मी नेहमीप्रमाणे पॉज करून दाखवलं की हे बघ, हॅरी टोपीकडून येतो तेव्हा टेबलाच्या या बाजूला रॉनशेजारी बसतो आणि जेवण प्रकट होतं तेव्हा तोच हॅरी टेबलाच्या पलीकडे हर्मायनीशेजारी. मधे कोणी उठलेलं नाही, जागा बदललेली नाही, काही नाही. तर ती म्हणाली, "अगं टोपी बोलतेय, मेणबत्त्या हवेत तरंगतायत, रिकाम्या ताटात जेवण येतंय, आणि तुला हॅरीची बाकावरची जागा खुपतेय?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही पण दोन दिवस तेच डोक्यात आहे. मला अगदी उलट वाटतं. रोजच्या जगातला सिनेमा असेल तर ते जग आपल्या ओळखीचं असतं, ग्लास इकडचा तिकडे झाला तरी आपण मनातल्या मनात सांभाळून घेतो. फॅन्टसीत पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच जग आपल्या हातात असतं. टोपी बोलते हे मी मान्य केलंय कारण सिनेमाने ते मला सांगितलं, पण माणूस टेबलाच्या आरपार जातो हे कुणी सांगितलं नव्हतं ना.

तर तुम्ही कुठल्या चुकीला चूक म्हणता आणि कुठली सोडून देता? आणि कुणी सेटवर काम केलेलं असेल तर प्लीज सांगा, एवढी माणसं डोळ्यात तेल घालून उभी असताना हे सुटतं कसं?

रानवाट

विषय आवडला. पण आधी एक सरमिसळ सोडवूया, कारण अशा प्रत्येक चर्चेत दहाव्या प्रतिसादापर्यंत कुणीतरी लॉर्ड ऑफ द रिंग्जमधलं "गरुडांवर बसून मॉर्डॉरला का गेले नाहीत" आणतंच. ती कंटिन्युइटीची चूक नाही. तो कथानकातल्या तर्काचा प्रश्न आहे, त्यावर वाद घाला पण वेगळा. कंटिन्युइटी म्हणजे एका शॉटमधे जे दाखवलं ते पुढच्या शॉटमधे (किंवा पुढच्या भागात) तसंच आहे का, एवढंच.

तसंच 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या पहिल्या भागात (२००३) शेवटी जॅक जहाजावर हुकूम सोडतो तेव्हा मागे टोपी आणि गॉगल घातलेला युनिटमधला माणूस समुद्राकडे बघत उभा दिसतो, किंवा गेम ऑफ थ्रोन्सच्या शेवटच्या सीझनमधे (२०१९) टेबलावर राहिलेला कॉफीचा कप, ह्या नुसत्या नजरचुका. कप तर नंतर डिजिटली पुसून टाकला. बघायला मजा येते पण त्यावर वाद घालण्यासारखं काय आहे, चूक आहे हे सगळ्यांनाच मान्य.

वाद खरा रंगतो तो दोन भागांमधल्या फरकांवर. लॉर्ड ऑफ द रिंग्जचा पहिला भाग 'फेलोशिप ऑफ द रिंग'च्या (२००१) सुरुवातीला बिल्बोला अंगठी सापडताना दाखवलीय, इयन होमला तरुण करून. आणि 'द हॉबिट'च्या पहिल्या भागात (२०१२) तोच प्रसंग मार्टिन फ्रीमनबरोबर आहे, जागा वेगळी, अंगठी उचलण्याची पद्धत वेगळी, सगळंच वेगळं. माझा भाऊ म्हणतो सरळ सरळ चूक आहे. मी म्हणतो की पहिल्यात ती गोष्ट एल्फ राणी गॅलाड्रिएल सांगतेय, ती काही त्या गुहेत हजर नव्हती, ऐकीव गोष्ट जशी सांगितली जाते तशी तिने सांगितली. त्याला पटत नाही. तो म्हणतो मग गॉलमचा (ज्याच्याकडे आधी ती अंगठी होती तो) चेहरा पहिल्या भागात वेगळा आणि दुसऱ्यापासून वेगळा, तेही गॅलाड्रिएलच्या माथी मारणार का? तिथे मात्र मला गप्प बसावं लागतं कारण ते डिझाइनच नंतर बदललं, गॉलमचं काम करणाऱ्या अँडी सर्किसचा अभिनय बघून.

शेवटचाटेक

निळीशाई, तुमचा शेवटचा प्रश्न माझ्यासाठीच आहे असं धरून लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या. काही वर्षांपूर्वी एका पौराणिक-जादुई मालिकेवर मी असिस्टंट डायरेक्टर होतो आणि कंटिन्युइटी माझ्याकडे होती.

पहिली गोष्ट, सिनेमा ओळीने शूट होत नाही हे सगळ्यांना माहिती असतं पण त्याचा अर्थ काय होतो ते सेटवर गेल्याशिवाय कळत नाही. नायक दारातून बाहेर पडतो तो शॉट आज, आणि दाराबाहेर पाऊल टाकतो तो शॉट तीन आठवड्यांनी दुसऱ्याच लोकेशनवर. मधल्या काळात त्याने केस कापलेले असतात, थोडं वजन उतरलेलं असतं, आणि मुकुट दुरुस्तीला जाऊन आलेला असतो. म्हणून शीट भरायची: शॉट नंबर, टेक, लेन्स, कुठल्या हातात काय, कुठल्या शब्दावर पेला उचलला, शाल डाव्या खांद्यावर की उजव्या, रक्त ओलं की वाळलेलं. कथेतला दिवस कितवा हेही लिहायचं, कारण जखम पहिल्या दिवशी लाल, तिसऱ्या दिवशी काळपट, आठव्या दिवशी नुसता व्रण, आणि आपण शूट करणार आठवा दिवस आधी. मेणबत्त्या तर जीव खातात. एका सीनचं शूट सकाळपासून रात्रीपर्यंत चालतं आणि कथेत मात्र पाच मिनिटंच झालेली असतात, त्यामुळे एकाच मेणबत्तीचे चार उंचीचे तुकडे तयार ठेवायचे आणि टेकच्या आधी मोजून बदलायचे.

आता माझी चूक सांगतो, अजून लागते मनाला. आमच्या सेनापतीच्या भुवईवर वार झालेला दाखवायचा होता. पहिल्या दिवशी घाईत मी त्याचा रेफरन्स फोटो मेकअप रूममधे काढला, तो खुर्चीत बसला होता आणि मी मागून आरशातला चेहरा टिपला. एकोणीस दिवसांनी मेकअपवाल्या दादांनी फोटो मागितला, मी दाखवला, त्यांनी इमानदारीत फोटोत दिसतोय त्याच बाजूला वार काढला. म्हणजे उलट्या भुवईवर. चार सीन शूट झाले, कुणाच्याही लक्षात आलं नाही, एडिटला बसल्यावर दोन्ही शॉट शेजारी आले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. परत शूट करायला तारखा नव्हत्या. दोन शॉट उलटे फिरवून घेतले, म्हणजे आरशात बघितल्यासारखे, तर तलवार डाव्या हातात गेली. शेवटी ते दोन शॉट काढूनच टाकले आणि सेनापतीचं एक चांगलं वाक्य त्यात गेलं.

एवढी माणसं असताना सुटतं कसं, तर असं सुटतं. प्रत्येकजण आपलं काम बरोबर करत असतो आणि चूक दोघांच्या मधल्या फटीत असते.

आणि मोठ्या सेटवर हे सांभाळतात कसे त्याचं उदाहरण द्यायचं तर लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तिन्ही भाग एकदम शूट झाले, २७४ दिवस, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००. तिसऱ्या भागात अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो पायऱ्यांवर सोबतीला असलेल्या सॅमला "घरी जा" म्हणतो तो सीन आठवा. फ्रोडोची बाजू आणि सॅमची बाजू यांच्या शूटमधे जवळजवळ वर्षाचं अंतर आहे. पुरामुळे बाहेरचं शूट बंद पडलं म्हणून हॉटेलच्या स्क्वॉश कोर्टात सेट लावून सुरुवात केली होती. म्हणजे सॅम ज्याच्याकडे बघून रडतोय तो फ्रोडो वर्षभरापूर्वीच बोलून गेलाय. तरी नजर जुळते, केसांतली धूळ जुळते, रडण्याची पातळीसुद्धा जुळते. मी तो सीन बघताना दरवेळी त्या कंटिन्युइटीवाल्यांना मनातून हात जोडतो.

चकोर

सगळं वाचलं, शेवटचाटेक यांचा प्रतिसाद तर दोनदा वाचला. तरी मी मैत्रिणीच्या बाजूने बोलणार.

वॉल्टर मर्च हे एडिटर आहेत, त्यांनी कट कुठे करावा यासाठी सहा गोष्टींची उतरंड सांगितलीय आणि प्रत्येकीला टक्के दिलेत. भावना ५१, कथा २३, लय १०, बघणाऱ्याची नजर कुठे आहे त्याला ७, पडद्याच्या सपाट चौकटीला ५ आणि सगळ्यात शेवटी, खोलीत कोण कुठे उभं आहे हे जुळण्याला ४. फक्त चार! आणि भावना एकटीच बाकी पाचांपेक्षा जड. म्हणजे हॅरी पलीकडच्या बाकावर असलेला टेक जर चेहऱ्यावरच्या आश्चर्यासाठी जास्त चांगला असेल तर एडिटर तोच घेणार आणि घ्यायलाच हवा. सेनापतीचं वाक्य गेलं ना, ते मला जास्त लागलं. मी असते तर भुवई चुकू दिली असती आणि वाक्य ठेवलं असतं.

दुसरं म्हणजे आपल्याला हे दिसतच नाही. लेव्हिन आणि सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मधे एक छोटी फिल्म दाखवून प्रयोग केला होता, दोन बायका टेबलाशी बोलतायत आणि प्रत्येक कटला काहीतरी बदलतंय, गळ्यातला स्कार्फ, ताटांचा रंग, असे नऊ बदल. बघणाऱ्यांच्या जवळजवळ काहीच लक्षात आलं नाही. आपण पॉज करतो, परत परत बघतो, म्हणून सापडतं. थिएटरमधे बसलेल्या माणसासाठी सिनेमा बनतो, पॉज करणाऱ्यासाठी नाही.

आणि माझा सगळ्यात आवडता पुरावा म्हणजे 'विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९). डोरोथीला बुजगावणं भेटतं त्या सीनमधे तिच्या वेण्यांची लांबी शॉटागणिक बदलते, खांद्याशी, मग खाली, मग परत वर. पुढे चेटकीण तिच्या माकडांच्या म्होरक्याला सांगते की मी त्यांना दमवायला एक छोटा किडा पुढे पाठवलाय. तो किडा सिनेमात कधी येतच नाही, कारण त्या किड्याचं अख्खं गाणं कापून टाकलं आणि हे वाक्य तसंच राहिलं. दिग्दर्शक तर चार बदलले: थॉर्प, थोड्या दिवसांसाठी क्युकर, मग फ्लेमिंग, आणि कॅन्ससचे सीन व्हिडोरने केले. एवढ्या हातांतून गेलेली गोष्ट ठिगळाठिगळाची दिसायला हवी होती, पण मी लहानपणी बघितली तेव्हा मला एक वेणी दिसली नाही की किडा आठवला नाही. मला फक्त घरी जायचं होतं, डोरोथीबरोबर.

(बादवे, १९८५ च्या 'रिटर्न टू ऑझ'चे दिग्दर्शक हेच मर्च.)

निळीशाई

चकोर, शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. चार टक्क्यांचंही पटतंय. पण मग मला जी चूक सगळ्यात जास्त लागते ती सांगते आणि ती तुमच्या उतरंडीत कुठे बसते ते तुम्हीच सांगा.

पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवे आहेत. डॅनियल रॅडक्लिफला लेन्सचा त्रास झाला म्हणून सिनेमात निळेच ठेवले. ते मला पूर्ण मान्य, लहान मुलाचे डोळे लाल करून कुणी रंग जुळवू नये. "डोळे आईसारखे" एवढं टिकलं की झालं. आठ सिनेमे, दहा वर्षं, ते एक वाक्य फिरून फिरून येतं. शेवटच्या भागात (२०११) हॅरीचा शिक्षक स्नेप मरताना हॅरीच्या डोळ्यांत बघून तेच म्हणतो. आणि लगेच पुढे त्याच्या आठवणींमधे छोटी लिली, म्हणजे हॅरीची आई, येते, कॅमेरा जवळ जातो, आणि तिचे डोळे तपकिरी!

खरं सांगते, मी पॉज केलं नव्हतं. थिएटरमधे होते, रडत होते, आणि रडता रडता थांबले. आता हे चार टक्क्यांत टाकायचं की एक्कावन्नमधे?

चकोर

...एक्कावन्नमधे. हे मानते. वेण्या कितीही लांब असल्या तरी डोरोथीची गोष्ट वेण्यांवर उभी नाही, ही डोळ्यांवर उभी आहे. पण माझ्या शेजारी बसलेल्या बहिणीला तपकिरी दिसले नाहीत, ती शेवटपर्यंत रडली, तिचं काय?

रानवाट

तिचं रडणंही खरं आणि निळीशाईचं थांबणंही खरं, ह्याचा निकाल लागणार नाही. पण आता चुका खूप झाल्या म्हणून एक जुळलेली गोष्ट सांगतो, त्याच मालिकेतल्या तिसऱ्या भागातली (२००४). हॅग्रिडच्या झोपडीकडून वर आल्यावर तिघं मागे वळून बघतात, कुऱ्हाड खाली येते, धप्प आवाज, कावळे उडतात, हर्मायनी रॉनला मिठी मारते, आपल्याला वाटतं हॅग्रिडचा पंखवाला प्राणी बकबीक गेला. मग वेळ मागे फिरवून तेच क्षण परत दाखवले जातात आणि कळतं की रागावलेल्या जल्लादाने कुऱ्हाड भोपळ्यावर घातली होती. पहिल्या वेळी आपण जे ऐकलं ते खोटं नव्हतं, फक्त अर्थ चुकीचा लावला. झोपडीत मडकं फुटतं तेही तसंच, दगड कुणी मारला ते नंतर कळतं. ही कंटिन्युइटी चार टक्के म्हणून कुणी वाऱ्यावर सोडली असती तर त्या सीनमधली जादूच गेली असती, वेळ मागे फिरवणारा टाइम टर्नर असून उपयोग नव्हता.

शेवटचाटेक

रानवाट, अगदी. आणि असे सीन लिहिताना सोपे, शूट करताना महाकठीण, कारण एकच क्षण दोन बाजूंनी घ्यायचा असतो आणि दोन्हीकडे कुणाचा पाय कुठे आहे ते जुळावं लागतं.

चकोर, सेनापतीच्या वाक्याबद्दल तुम्ही म्हणालात ते दिवसभर मनात राहिलं. तेव्हा मी स्वतःच "काढून टाका" म्हणालो होतो, लाज वाटत होती म्हणून. एडिटर दोनदा विचारत होते, राहू दे का. आज परत बसलो असतो तर राहू दे म्हणालो असतो. त्याची गोष्ट काही भुवईवर उभी नव्हती.

निळीशाई

काल रात्री तिसरा भाग लावला, तीच मैत्रीण सोबत. कुऱ्हाडीच्या आवाजाला मी काहीच बोलले नाही. पुढे भोपळा आला तेव्हा तिनेच रिमोट घेतला, मागे नेलं आणि म्हणाली, "थांब, तो आवाज परत ऐकू दे."