१६ वर्षांनी ओरलँडो: मिनिटामिनिटाचा बेत नकोच, असं माझं मत

घोडबंदर_रोड
दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या मध्याला, फ्लोरिडात ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांची माझी आई. याआधी गेलो होतो २०१० मध्ये, न्यू जर्सीत राहत असताना. परवा जुन्या पासपोर्टच्या कव्हरमधून तेव्हाची फास्टपासची, म्हणजे राइडची लांब रांग टाळायची, चिठ्ठी निघाली. यंत्रात तिकीट सरकवायचं, की परत यायची वेळ छापलेला एवढासा कागद हातात यायचा. फुकट. शाई आता उडत आलीय.

नवऱ्याने एक्सेलमध्ये तासातासाचं वेळापत्रक केलंय. मला ते अजिबात मान्य नाही. दिवसाला दोनच गोष्टी नक्की कराव्यात, दुपारी हॉटेलवर जाऊन पडावं, संध्याकाळी पाय नेतील तिकडे जावं. रांग टाळायला रोज वेगळे पैसे भरायलाही माझा विरोध आहे. हॉटेल बाहेरचं घेतोय, गाडी भाड्याची. तुमचं मत सांगा.

वाशी_सेक्टर१७
मला हे पटलं नाही. मागच्या वर्षी आम्ही 'तिथे गेल्यावर बघू' म्हणत गेलो आणि पहिल्या दिवशी दुपारी चारपर्यंत तीन राइड झाल्या. चूक आमचीच.

२०१० चा नकाशा डोक्यातून काढा. फुकटचा फास्टपास करोनात बंद झाला तो परत आलाच नाही. आता त्याऐवजी लाइटनिंग लेन, म्हणजे छोटी रांग, विकत घ्यावी लागते. तिच्या मल्टी पासमध्ये आधी तीन राइडच्या वेळा निवडायच्या, एक झाली की पुढची घ्यायची. डिस्नेच्या हॉटेलात उतरलात तर सात दिवस आधी बुकिंग मिळतं, बाहेर राहिलात तर तीन दिवस आधी. चांगल्या वेळा पटापट जातात. स्प्लॅश माउंटन ही पाण्याची राइड २०२३ मध्ये बंद झाली, त्या जागी २०२४ मध्ये टियानाची राइड आली. डिस्ने वर्ल्डमधल्या मॅजिक किंगडम पार्कातली ती मोठी नदी आणि तिच्यातली बोटही जुलै २०२५ पासून बंद.

आणि दुपारची झोप विसरा. मॅजिक किंगडमचं पार्किंग दारात नाही. आधी मोनोरेल किंवा बोट, मग गाडी, मग हॉटेल, आणि परत तेच उलटं. अर्धा दिवस त्यातच जाईल.

नेरुळ_पूर्व
वेळापत्रकाचं राहू द्या, एकाहत्तरच्या बाईला एवढ्या लांब न्यायचंच कशाला? वीस तासांचा प्रवास, वर साडेदहा तासांचा फरक. लेकीला राइडच हव्यात ना, खोपोलीची इमॅजिका आहे की! तिथला नायट्रो रोलर कोस्टर काही कमी नाही. सकाळी निघा, रात्री घरी. आईही येतील, दमल्या तर गाडीत पडतील. तुम्ही दोघं आणि लेक ओरलँडोला नंतर जा.

घोडबंदर_रोड
@नेरुळ_पूर्व, इमॅजिकाला आम्ही जाऊन आलोय, छान आहे. पण हा बेत मुळात आईसाठीच आहे. २०१० मध्ये ती सहा महिने आमच्याकडे होती. आम्ही ओरलँडोला निघालो तेव्हा ती म्हणाली, 'माझं तिकीट कशाला, मी राहीन घरी.' आणि आम्ही खरंच तिला ठेवून गेलो. चार दिवस ती त्या अपार्टमेंटमध्ये एकटी होती. परत आलो तर फ्रिज भरून स्वयंपाक करून ठेवलेला. ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. म्हणून तिला घाईने एका दारातून दुसऱ्या दारात ढकलायचं मला नको आहे.

@वाशी, हॉटेलचा मुद्दा पटला. दुपारी बाहेर न पडता आतच गारव्यात बसायचे शो बघू. मॅजिक किंगडमच्या एका दिवसासाठी मल्टी पासही घेऊ. बाकी दिवस नाही, यावर मी ठाम आहे.

पाचपाखाडी
वेळापत्रक असो-नसो, व्हीलचेअर घ्याच. आई चालतात म्हणून आम्हीही घेतली नव्हती. आमच्या सासूबाई ठाणे स्टेशनचे जिने चढणाऱ्या, पण तिथे दिवसभराचं चालणं त्यांना झेपलं नाही. तिथे ती भाड्याने मिळते. पीपलमूव्हर या संथ राइडला मात्र उठून चढावं लागतं, तो पट्टा चालू असतो. खायचं बरोबर न्या, डिस्नेत चालतं, फक्त काचेची बरणी नको. दशम्या दोन दिवस टिकतात. काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट देतात.

लेकीची उंची मोजलीत का? ट्रॉन या रोलर कोस्टरला ४८ इंच लागते, म्हणजे साधारण १२२ सेंटिमीटर.

घोडबंदर_रोड
काल स्वयंपाकघराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलने खूण केली. ११९.

वाशी_सेक्टर१७
मग रायडर स्विच मागा. एकाने लेकीजवळ थांबायचं, दुसरा आला की पहिल्याने पुन्हा रांग न लावता जायचं. मात्र आधी कोणी जायचं हे आपसात ठरवून ठेवा, म्हणून सांगतो, वेळापत्रक फेकू नका. नवऱ्याचं बरोबर आहे. पहाटे तीनला तुम्हा सगळ्यांचे डोळे उघडणारच आहेत, दार उघडायच्या आधी तिथे उभे राहा. पहिल्या तासात जेवढं होतं तेवढं नंतर तीन तासांत होत नाही.

घोडबंदर_रोड
सकाळ नवऱ्याची, दुपारनंतर आईची. एवढंच मान्य करते.

वाशी_सेक्टर१७
चालेल. फक्त पार्किंगहून जाताना मोनोरेल सोडा, आईंना बोटीने न्या. पूर्वी मार्वेहून बोटीने एस्सेलवर्ल्डला नेलं असेल ना त्यांनी तुम्हाला?

घोडबंदर_रोड
नेलं होतं. १९९४. डबा तिच्या मांडीवर होता. बोटीनेच जाऊ.