ख्रिस्त सर्वांसाठी मेला, की फक्त निवडलेल्यांसाठी?

पांथस्थ:
विश्वास न ठेवणाऱ्या कोणालाही 'ख्रिस्त तुझ्यासाठी मेला' असं छातीठोकपणे सांगता येतं का? देवाने जगाच्या स्थापनेपूर्वीच काहींना निवडलं (इफिस १:४) आणि वधस्तंभ फक्त त्यांच्यासाठीच होता असं मानलं, तर नाही सांगता येणार. समोरचा निवडलेला आहे की नाही, हे सांगणाऱ्याला कुठे ठाऊक असतं? मग 'देवाने जगावर एवढी प्रीती केली' हे योहान ३:१६ कोणत्या तोंडाने वाचायचं?

जुनी वही:
प्रेषितांची कृत्ये पुन्हा वाचा. पेत्र किंवा पौल, कोणाच्याही प्रवचनात 'ख्रिस्त तुझ्यासाठी मेला' हे वाक्य नाही. पश्चात्ताप करा, विश्वास ठेवा, एवढंच ते सांगतात. नेदरलँड्समध्ये भरलेल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या डॉर्टच्या धर्मसभेनेही (१६१८-१९) हेच धरलं: ख्रिस्ताच्या मरणाचं मोल साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरतं, सुवार्ता सरसकट सर्वांना सांगायची, पण त्या मरणाने तारण साधतं ते निवडलेल्यांचंच. उलट तुमचा ख्रिस्त सगळ्यांना वाचवायला मेला आणि असंख्यांच्या बाबतीत हरला, असंच ना?

पांथस्थ:
हरला कसा? त्याने दिलं, माणसाने नाकारलं. तुमचं 'पुरून उरतं' मात्र उपाशी माणसाला भरलेलं ताट लांबून दाखवण्यासारखं आहे. आणि २ पेत्र २:१ बघा. ज्या स्वामीने विकत घेतलं त्यालाच नाकारणारे खोटे शिक्षक, शेवट नाश. विकत घेतलेले, तरी गमावलेले. हे तुमच्या चौकटीत कुठे बसतं?

उंबरठा:
जरा मध्ये पडतो. निवडीसाठी नेहमी पुढे केला जाणारा, पौलाच्या रोमकरांस पत्रातला (रोम ९) 'याकोबावर प्रीती, एसावाचा द्वेष' हा उतारा जुन्या करारातल्या मलाखीतून आलाय आणि तिथे विषय एसावाच्या वंशाचा, म्हणजे अदोम राष्ट्राचा आहे. एकेकट्या माणसाच्या स्वर्ग-नरकाचा निकाल त्यातून काढणं मला ओढाताण वाटते. शिवाय पौल थांबतो कुठे? 'सर्वांवर दया करावी' इथे, ११:३२ ला. (इंग्लंडमधले दोन मित्र-प्रवचनकार, सर्वांसाठी म्हणणारा वेस्ली आणि निवडलेल्यांसाठी म्हणणारा व्हाइटफील्ड, १७३९ पासून यावरच भांडले. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड गेल्यावर स्मृतिप्रवचन वेस्लीनेच दिलं. इथला सूर बघून आठवलं.)

जुनी वही:
राष्ट्रांपुरतंच असेल तर ९:१९ चा आक्षेप उठतोच कशाला? 'मग देव अजून दोष का लावतो?' हे तेव्हाच कोणी विचारेल, जेव्हा निवड माणसाच्या इच्छेवर अवलंबून नाही असं पौलाने खरंच म्हटलं असेल. तुमच्या मताला हा प्रश्न कोणी विचारणारच नाही. पौलाला विचारला गेला, आम्हालाही विचारतात. आणि ११:३२ शब्दशः सर्वांवर लावलं तर कोणाचाच नाश होणार नाही. ते मान्य आहे का?

उंबरठा:
नाही. दया सर्वांसाठी खुली आहे, सक्तीची नाही. पण १९व्या वचनाचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर नीट वाचून लिहितो.

पांथस्थ:
२ पेत्र २:१ चं उत्तर अजून आलेलं नाही.