माकडतापाचे ‘सर्वेक्षण’ की ‘पाळत’?

प्रश्न :
माकडतापाविषयीच्या (गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणाऱ्या विषाणूजन्य तापाविषयीच्या) मराठी लेखनात ‘सर्व्हेलन्स’, म्हणजे रोगावर सतत लक्ष ठेवणे, या अर्थी ‘सर्वेक्षण’ हा शब्द वाचावयास मिळतो. परंतु घरोघर जाऊन एकदाच केलेली पाहणीही सर्वेक्षणच. मग ‘पाळत’ अधिक नेमका ठरणार नाही का?

उत्तर :
शासनव्यवहारात ‘सर्वेक्षण’ पक्के रुजले आहे. २००४ साली केंद्र सरकारने सुरू केलेला प्रकल्पही मराठीत ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण’ याच नावाने ओळखला जातो. तरीही शंका रास्त आहे. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासची माणसेही तापाने आजारी पडली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने जाऊन जे केले त्याला पाहणी किंवा शोध म्हणता येईल. गोव्यातील सत्तरीत २०१५ पासून आणि सिंधुदुर्गातील दोडामार्गात २०१६ पासून हा रोग आढळू लागल्यावर करावे लागणारे काम निराळे आहे. मेलेल्या माकडाची खबर वनखात्याकडून आरोग्य व पशुवैद्यकीय खात्यांपर्यंत पोहोचवणे, पालापाचोळ्यावरून फ्लॅनेलचे कापड ओढून त्याला चिकटलेल्या गोचिडी तपासणीस पाठवणे आणि काजूच्या हंगामात रानात जाऊन आलेल्या तापकऱ्यांचे रक्तनमुने घेणे, यांतले काहीच एका फेरीत संपत नाही, कारण गोचिडीची अप्रौढ पिल्ले दरवर्षी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पुन्हा सक्रिय होतात.

हे सातत्य ‘पाळत’ या शब्दात आहे खरे. पण पाळत संशयितावर ठेवतात, आणि ‘रुग्णावर पाळत’ म्हटले की तो आरोपी वाटू लागतो. गोचिडीवर खुशाल पाळत ठेवावी. रुग्णांच्या बाबतीत ‘नियमित सर्वेक्षण’ म्हणावे.

पुरवणी :
‘माकडताप’ या नावामुळे दोष माकडावर येतो, ही तक्रारही ऐकू येते. माकड स्वतःच या विषाणूचा बळी असते आणि माणसाला लागण होते ती मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातून. म्हणून ‘गोचीडताप’ म्हणावे, तर पशुपालकांच्या बोलण्यात तो शब्द आधीच गुरांच्या आजारासाठी वापरला जातो, आणि तो आजार विषाणूचा नव्हे, रक्तातील परजीवींचा. शिवाय मेलेले माकड हीच येथे पहिली सूचना असल्याने, जुने नाव गावकऱ्याला नेमके कुठे पाहायचे ते सांगते. कन्नडमध्येही याला माकडाचाच आजार म्हणतात.