नऊ नंबरचा रस्ता: सोलापुरातून निघणाऱ्या महामार्गांवरचे तुमचे अनुभव

नऊनंबरी
काल हैदराबाद नाक्यावर पंक्चर काढायला थांबलो होतो. बाबा गाडीतच बसले होते. समोरच्या पाटीवर ६५ बघून म्हणाले, "हा नऊ नंबर आहे. असं काय लिहिलंय?" महामार्गांचे आकडे बदलले २०१० साली. पण ज्यानं २६ वर्षं पुणे-सोलापूर-हैदराबाद ट्रक चालवला, त्याच्यासाठी तो नऊ नंबरच.

१९८६ च्या मे महिन्यात मी एकदा बाबांबरोबर गेले होते, नऊ वर्षांची असताना. मागे चादरी-टॉवेलच्या गाठी, वर ताडपत्री. तेव्हा रस्ता अरुंद, समोरून गाडी आली की एकानं साइडपट्टीवर उतरायचं. नळदुर्गच्या घाटात गाडी पहिल्या गियरवर इतकी हळू चढायची की क्लीनरकाका हातात दगड घेऊन शेजारून चालायचे, गाडी मागे सरकली तर चाकाला लावायला. मला ते फार धाडसाचं वाटायचं.

मैलाचे दगड बाबांनीच शिकवले. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्याचा. उमरगा सोडलं की पाट्या कानडीत, जहिराबाद आलं की तेलुगूत. एका रस्त्यावर तीन लिप्या. शाळेतल्या नकाशात मला नंतर काहीच नवीन वाटलं नाही.

पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी. आपल्या गावातून चहूकडे रस्ते फुटतात. तुमच्या रस्त्याचं काय आठवतं ते लिहा. बाबांना वाचून दाखवणार आहे.

चादरवाला
ताई, आमच्या गाठीपण नेल्या असतील बाबांनी! साखर पेठेत आमचे चार माग होते. गाठ बांधून झाली की बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, हातात पडेपर्यंत आमचे नाना ट्रान्सपोर्टच्या ओट्यावरून हलायचे नाहीत. बाबांना नमस्कार सांगा. दुकानात आहे, रात्री सविस्तर लिहितो.

बांधकामवाले काका
नोकरी रस्त्यावरच गेली म्हणून लिहितो. नव्या आकड्यांत एक सोय आहे. सम आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण रस्ता, विषम म्हणजे पूर्व-पश्चिम. म्हणून पुणे-हैदराबाद ६५, आणि धुळ्याकडून संभाजीनगर, बीड, धाराशिव, तुळजापूर करत सोलापुरातून विजापूरकडे जाणारा ५२. तो पुढे थेट अंकोल्याला समुद्राजवळ जातो. पूर्वी याच रस्त्याचे सोलापुरात दोन तुकडे होते: धुळ्याकडचा २११ आणि विजापूरकडचा १३.
तीन आकडी नंबर म्हणजे फाटा, शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. मंगळवेढा-सांगोला-मिरज-कोल्हापूर करत रत्नागिरीला जाणारा १६६, कारण तो ६६ चा, म्हणजे मुंबई-गोव्याचा फाटा. माउलींच्या पालखीचा मार्ग ९६५, तो ६५ चा. तुळजापुरातून लातूर-नांदेडकडे जाणारा ३६१.
बाकी नऊ नंबर म्हणणाऱ्या बाबांचंही बरोबरच आहे. आम्हीसुद्धा ऑफिसात कितीतरी दिवस तेच म्हणायचो.

मालदांडी
काका, हे पहिल्यांदाच कळलं. १६६ वर आमचं गाव. पोराला सांगितलं लगेच.

भीमाकाठची
माझं माहेर टाकळीच्या अलीकडे, सासर धुळखेडच्या पलीकडे. मधे भीमेचा पूल. आई पलीकडच्या काठापर्यंत सोडायला यायची आणि पुलावरून एकटी परत जायची, मी एसटीच्या मागच्या काचेतून बघत राहायचे. पूल संपला की कंडक्टर बदलल्यासारखी भाषा बदलते. सासरी पहिल्या दिवशी सगळे "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारत होते आणि मी नुसती मान हलवत होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत उपाशी 😄 आता चार पदरी रस्ता झालाय, सोलापूर जवळ आलं. आई नाही राहिली.

नऊनंबरी
@भीमाकाठची, बाबा हे ऐकून बराच वेळ गप्प होते.

जुळे सोलापूर अक्का
सप्टेंबर २०२५, सीनेचा पूर. पुण्याहून येत होतो, लांबोटीजवळ पाणी, पुणे रस्ताच बंद. विजापूर रस्ताही वडकबाळकडे बंद म्हणून फोनवर फोन. गाडीत सासूबाई, त्यांची इन्सुलिन बर्फात. मागेपुढे ट्रकच ट्रक. अंधार पडल्यावर गावातली पोरं पाटीत भाकरी आणि पिठलं घेऊन रांगेतल्या प्रत्येक गाडीला विचारत आली. त्यांची स्वतःची शेतं पाण्याखाली होती हो. एका पोराने घरच्या फ्रिजमधला बर्फ आणून दिला. नाव विचारायचं राहून गेलं, ते मनाला लागून आहे.
कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या. येते.

पुणेनाका
लांबोटी म्हटलं की मला चिवडाच आठवतो. मक्याचा. पुण्याला जाताना एक पुडा गाडीत आणि एक हॉस्टेलवर, हॉस्टेलचा पुडा टेंभुर्णीच्या पुढे कधी गेला नाही.

मालदांडी
आणि भिगवणचे मासे?

पुणेनाका
ते येताना!

अक्कलकोट रोड
शेंगाचटणी विसरलात सगळे. खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली. कडक भाकरीबरोबर चार दिवस टिकते, प्रवासाला याहून चांगलं काही नाही. कुणाला कुंभारीच्या बाजूला घरगुती करून देणाऱ्या मावशी माहीत आहेत का?

कोरडवाहू
मला जरा वेगळं लिहायचंय.
माझा धाकटा भाऊ मोहोळजवळ गेला. जानेवारी, रात्री साडेदहा, उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रेलर, रिफ्लेक्टर नाही, मागे दिवा नाही. रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभा. मोटारसायकलवर होता. उसाच्या कांड्या बाहेर आलेल्या असतात, हेडलाइटमध्ये फक्त काळं दिसतं.
आपल्या जिल्ह्यात तिसाच्या वर साखर कारखाने. गाळप सुरू झालं की प्रत्येक रस्त्यावर ट्रेलर. मी स्वतः ऊस लावतो, मला माहिती आहे ट्रॅक्टरवाल्या पोरांची झोप झालेली नसते. तेव्हापासून माझा ऊस भरायला येणाऱ्या प्रत्येक ट्रेलरला रिफ्लेक्टरची लाल पट्टी मी स्वतः चिकटवतो. त्याशिवाय भरू देत नाही. मीटरला फार पैसे पडत नाहीत. तुमच्यापैकी कुणाचा ऊस असेल तर एवढं करा.
आणि महामार्गावर काही झालं तर १०३३ लावा, रुग्णवाहिकेला १०८. त्या रात्री तिथे थांबलेल्या कुणालाच १०३३ माहीत नव्हता.

भीमाकाठची
दादा 🙏

चादरवाला
दुकान बंद करून बसलोय आणि हेच वाचलं. माझ्या मामाची तीन ट्रॅक्टर आहेत. सकाळी पट्टीचा रोल घेऊन जातो.

कोरडवाहू
मागच्या दोन्ही कोपऱ्यांना लावा भाऊ, आणि बाजूनेही. नुसती मधे लावून उपयोग नाही, लोंबणारा ऊस झाकतो.

रूपाभवानी
आमचा तुळजापूर रोड. कोजागिरीला पायी. रस्ता गाड्यांना बंद करतात आणि पंचेचाळीस किलोमीटर नुसती माणसं. एरवी ज्या डांबरावर पाय ठेवायची भीती वाटते, त्याच्या मधोमध बायका लेकरं काखेत घेऊन चालतात. कुणी केळी देतं, कुणी गरम पाणी, कुणी पाय चेपून देतं. मी १४ वेळा गेले. घाट सुरू होतो तिथे पाय उचलत नाही, तेवढ्यात मागून "आई राजा उदो उदो" येतं आणि माणूस आपोआप वर ढकलला जातो.
शेगावची गजानन महाराजांची पालखीही याच रस्त्याने सोलापुरात येते. उळ्याला आम्ही पाणी घेऊन उभे राहतो.

मंगळवेढेकर
आमच्याकडे माचणूर लागतं. भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ. औरंगजेबाची छावणी इथे ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ होती. लोक ८० च्या वेगाने पुढे निघून जातात. उतरा कधी, घाटावर पाच मिनिटं बसा.

आमची जमीन रुंदीकरणात गेली. मोबदला मिळाला, तक्रार नाही. पण विहीर रस्त्याच्या एका बाजूला राहिली आणि गोठा दुसऱ्या. आधी म्हशी स्वतःच पाण्यावर जायच्या. आता दुभाजक, वळसा घालून दीड किलोमीटर. वडिलांनी म्हशी विकल्या. रस्ता चांगला झालाय, कोल्हापूरला भाजी सकाळी पोचते, हेही खरं. दोन्ही खरं आहे.

अक्कलकोट रोड
दादा, म्हशी विकतानाचं दुःख आमच्याही घरात झालंय.
(शेंगाचटणीच्या मावशी मिळाल्या, धन्यवाद. व्यनि, म्हणजे खासगी निरोप, केलेल्या ताईंना पोच.)

नऊनंबरी
सगळं वाचून दाखवलं बाबांना, दोन बैठकीत. रिफ्लेक्टरवर म्हणाले, "आम्ही चिमणी बांधायचो मागे, कंदिलाची." उळ्याचं ऐकून हात जोडले.
आणि एक विचारायला सांगितलंय. नळदुर्गचा घाट चढून गेल्यावर डाव्या हाताला दोन कडुलिंब होते, खाली हापसा. गाडी तापली की तिथे पाणी घालायचे. रस्ता रुंद झाल्यावर आहेत का ते?

उमरगा-सोलापूर रोजचा
हापसा आता दिसत नाही. झाडांचं नक्की लक्षात नाही ताई. उद्या साडेसहाला तिथून जाणार आहे, थांबून बघतो आणि फोटो टाकतो.