"कागद बघा, पिल्लू घ्या" म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

खवचट_खंडू
काल एकाने लिहिलं, "वंशावळीचा कागद आणि लसीचं कार्ड बघा, ॲडव्हान्स द्या, निश्चिंत व्हा." डोकंच फिरलं. त्या कागदावर आजोबा-पणजोबा कोण ते कळतं. खुब्याचा सांधा, डोळे, हृदय यांबद्दल चकार शब्द नसतो. त्यासाठी आईबापाच्या तपासण्या मागाव्या लागतात. आणि कार्ड? पेन असलेला कोणीही भरतो! आमच्या लॅब्रॅडॉरच्या कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर नाही, डॉक्टरांचा शिक्का नाही. आई दाखवा म्हटलं तर "ती गावाला गेलीये." कुत्री. गावाला. आणि आम्ही मान डोलावली! दुसऱ्याच दिवशी उलट्या, रक्ताची हगवण. पार्व्हो, कुत्र्यांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस जातात, म्हणजे आजार तिथूनच आला. पाच दिवस सलाइन लावलं. गेलं.

श्वानघर
वाईट झालं. पण सगळ्या ब्रीडरना एकाच माळेत ओवू नका. लोक दिवसभरात चार ठिकाणची पिल्लं हाताळून माझ्याकडे येतात. पार्व्हो बुटाच्या तळव्यावरूनही येतो आणि जागेत महिनोन्‌महिने टिकतो. विण्याच्या खोलीत का घेऊ कोणाला? आठ आठवड्यांच्या आत पिल्लू देत नाही, तर म्हणतात "लहानपणीच लळा लागतो, आत्ताच द्या." यांना कोण शिकवणार?

फसलेला_फकीर
तुम्हाला पिल्लू तरी मिळालं. मला फोटो मिळाला. पैसे पाठवल्यावर तोच फोटो आणखी तीन जाहिरातींत सापडला. आधी शोधायला हवा होता, माहीत आहे, कोणी सांगू नका.

मनीमाऊ
माझ्या स्कॉटिश फोल्डचा, म्हणजे दुमडलेल्या कानांच्या मांजरीचा ब्रीडर खंडूंच्या कसोटीला पुरेपूर उतरला असता. घर स्वच्छ, आई समोर, शिक्का-स्टिकर सगळं. मांजर चार वर्षांची आहे, सोफ्यावर उडी मारत नाही. ज्या कूर्चेच्या दोषाने कान दुमडतात, तोच घोट्यांत आणि शेपटीत असतो. प्रामाणिक माणसाने प्रामाणिकपणे दुखणं विकलं.

श्वानघर
म्हणून तर फोल्डची जोडी सरळ कानाच्या मांजराशीच लावतात.

मनीमाऊ
त्याने त्रास कमी होतो, टळत नाही. सदोष जनुकाची एक प्रत पुरते. तिचा एक्स-रे बघून बोला.

श्वानघर
मग पगही बंद करा! बुलडॉगही! सगळ्या जाती बंद करून टाका!

फसलेला_फकीर
जिना चढताना पगचा श्वास ऐकलाय का हो कधी?

श्वानघर
फोटोवर पैसे पाठवणाऱ्याने मला शहाणपण शिकवू नये.

निवारावाला
विकत घेताच कशाला? निवाऱ्यातून आणा.

खवचट_खंडू
आलात? वाटच बघत होतो. निवाऱ्यातल्या पिल्लालाही पार्व्हो होतो, बरं का.
श्वानघर, अंगावर धावू नका. आई व्हिडिओ कॉलवर पिल्लांना पाजताना दाखवायला काय हरकत आहे? आणि "दोन-तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, आजारी निघालं तर परत" एवढं लिहून द्याल?

श्वानघर
लिहून देतेच, कधीपासून. व्हिडिओ कॉलही करीन. बूट घालून आत मात्र येऊ देणार नाही.

खवचट_खंडू
बरं बाई, अनवाणी येतो. कुत्री गावाला नसली म्हणजे झालं.

मनीमाऊ
आणि कानांचं?