हॉलचे स्विच-सॉकेट बदलले, आता गिझर लावला की आरसीसीबी पडतो

प्रश्न
जुन्या इमारतीतला फ्लॅट. हॉल आणि बेडरूममधले जुने बॅकेलाइटचे बोर्ड काढून लोखंडी बॉक्समध्ये मॉड्युलर स्विच-सॉकेट बसवले. बाथरूमला हात लावलेला नाही. डीबीत (घरातल्या वायरिंगच्या वाटणी पेटीत) ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा डबल पोल आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की सप्लाय तोडणारा स्विच), पुढे पाच सिंगल पोल एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारे स्विच). दिवे-पंखे चालतात, पण २००० वॅटचा गिझर सुरू केला की आरसीसीबी पडतो. एमसीबी एकही पडत नाही. हॉलचा एमसीबी खाली करून पाहिला तरी तेच. दोष गिझरचा की नव्या फिटिंगचा?

उत्तर १
आधी गिझर बंद ठेवून स्वयंपाकघरातल्या सॉकेटवर एखादी चांगली इस्त्री लावून बघा. तिनेही आरसीसीबी पडला तर गिझरला दोष देऊ नका. हॉल किंवा बेडरूमच्या बोर्डात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) अर्थला टेकली आहे.

हॉलचा एमसीबी बंद असूनही हे होतं, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. हॉलची न्यूट्रल डीबीतल्या न्यूट्रल बारवर (सगळ्या न्यूट्रल जिथे एकत्र येतात ती पट्टी) तशीच जोडलेली राहते. गिझरचा ८.७ अँपिअर करंट फेजमधून जातो, परत येताना न्यूट्रल बारवर पोचतो आणि तिथून त्यातला थोडा हॉलच्या वायरने अर्थमध्ये उतरतो. जाणारा आणि येणारा करंट जुळला नाही की आरसीसीबी पडणारच. त्यासाठी ३० मिलिअँपिअर, म्हणजे गिझरच्या करंटचा जेमतेम तीनशेवा भाग पुरतो. बरेच आरसीसीबी त्याच्याही आधी पडतात. दिव्या-पंख्यांचा करंटच इतका कमी की फरक तिथवर पोचत नाही.

शोधायचं असं. मीटरजवळचा मेन स्विच बंद करा. नुसता आरसीसीबी खाली करून डीबी उघडू नका, त्याच्या वरच्या टर्मिनलला सप्लाय असतोच. मल्टिमीटरने सप्लाय नसल्याची खात्री करा. घरातले सगळे प्लग काढा. मग न्यूट्रल बारवरच्या वायर एकेक करून सोडवा, प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि ती वायर व अर्थ बार यांच्यामध्ये ओहम मोजा. वायर बारवरून सुटी करणं महत्त्वाचं, नाहीतर सगळ्यांचं रीडिंग सारखंच येतं. चांगल्या वायरला मीटर काहीच दाखवत नाही; दोषी वायरला काही ओहम येतात.

मल्टिमीटरला काहीच सापडलं नाही आणि भिंत ओलसर असेल तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासणारं मीटर) तपासून घ्या. त्याआधी एलईडी दिवे आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सोडवायला सांगा, नाहीतर ते जळू शकतात. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली यायला नको.

उत्तर २
सर्किट सापडलं की त्यातले नवे बोर्ड उघडा. लोखंडी बॉक्स अर्थ केलेला असतो, त्यामुळे पुढच्या गोष्टी नीट बघा:

– प्लेटच्या स्क्रूखाली काळी (न्यूट्रल) वायर दबलेली असणं. जास्तीची वायर आत कोंबली की हे हमखास होतं. स्क्रू काढून वायरवरचा चट्टा शोधा.
– मल्टिस्ट्रँड वायरची एखादी तार टर्मिनलबाहेर राहून बॉक्सला लागणं. टोक ८-१० मिमी सोला, पीळ द्या, सगळ्या तारा आत गेल्या का ते पाहा.
– सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थची अदलाबदल. समोरून बघताना वरची मोठी पिन अर्थ, उजवी फेज, डावी न्यूट्रल. मागून काम करताना डावं-उजवं उलटतं, म्हणून टर्मिनलवरची एल, एन आणि अर्थची खूण वाचा. जुन्या वायरिंगच्या रंगांवर विश्वास ठेवू नका.
– अर्थची वायरच नाही म्हणून जुन्या सॉकेटवर न्यूट्रल ते अर्थ मारलेला जंपर (जोडतार). तोच नव्या सॉकेटवर उतरवला गेला की आरसीसीबी टिकत नाही.

प्रश्नकर्ता
इस्त्रीनेही पडला. हॉलच्या न्यूट्रलला २ ओहम येतात. टीव्हीच्या सॉकेटवर आखूड जंपर आहे आणि बोर्डात हिरवी (अर्थची) वायर नाही. बॉक्सच्या अर्थसाठी शेजारच्या बोर्डातून तार ओढली आहे. जंपर काढला की झालं?

उत्तर १
जंपर काढाच. पुढेमागे त्या बोर्डाची न्यूट्रल तुटली आणि ती ओढलेली अर्थची तारही सुटली तर जंपरमुळे टीव्हीच्या धातूच्या अंगावर आणि बॉक्सवर फेज येईल. मग हॉलची न्यूट्रल पुन्हा मोजा. ओहम राहिले तर दुसऱ्या बोर्डातही दोष आहे.

काढल्यावर त्या सॉकेटची अर्थ पिन मोकळी राहते. डीबीच्या अर्थ बारपासून हिरवी वायर ओढून घ्या, ६ अँपिअरच्या सॉकेटला दीड चौरस मिमीची आणि १६ च्या सॉकेटला अडीचची. पाण्याच्या नळाला अर्थ जोडू नका. वायर येईपर्यंत तिथे फ्रिज किंवा वॉशिंग मशिन नको. आरसीसीबी अर्थिंगशिवायही पडतो, पण तेव्हा गळणाऱ्या करंटला वाट माणसाच्या अंगातूनच मिळते.

उत्तर ३
इन्व्हर्टर असेल तर तेही बघा. इन्व्हर्टरच्या लाइनची न्यूट्रल आणि मेनची न्यूट्रल नव्या बोर्डात एकाच लूपमध्ये गेल्या, तर जंपर काढूनही आरसीसीबी पडत राहील. दोन्ही वेगळ्या ठेवा.

आणि ६ अँपिअरच्या जागी १६ चं सॉकेट बसवलं असेल तर मागची वायर आणि एमसीबी बघा. ६ च्या एमसीबीवर २००० वॅटचा हीटर लावला तर तासाभरात तो पडेल, आणि ते बरोबरच आहे. दीडच्या किंवा त्याहून बारीक जुन्या वायरवर १६ चा एमसीबी घालू नका. आधी वायर बदला.